नवी प्रणाली, जुने काम

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजेच संगणकाच्या कार्यप्रणालीचा, नेहमीचा पाठिंबा थांबवला. २०१५ साली आलेली ही प्रणाली दहा वर्षे जगभरच्या कचेऱ्यांत, दुकानांत आणि घरांत राबली. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही की कोणाच्या पडद्यावर काळोख पसरला नाही. त्यामुळे ही बातमी आली तशीच विरूनही गेली. परंतु सोलापूरसारख्या शहरात, जेथे संगणक ही चैन नसून मागाइतकेच रोजच्या कमाईचे साधन आहे, तेथे या तारखेने एक प्रश्न मागे ठेवला आहे. तो पुढे ढकलता येईल, पण टाळता येणार नाही. जुनी प्रणाली सोडायची, तर तिच्यावर वर्षानुवर्षे चालत आलेल्या कामाचे काय?

अडचणीचे मूळ यंत्रात आहे. पुढची प्रणाली, 'विंडोज ११', ५ ऑक्टोबर २०२१ रोजी बाजारात आली. अधिकृत 'विंडोज १०' असणाऱ्यांना ती विनामूल्य देऊ करण्यात आली, पण तिने संगणकाच्या अंगच्या अटी घातल्या. 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची व्यवस्था यंत्रात हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल, तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर आलेला हवा. या अटींत न बसणारा संगणक कितीही ठणठणीत असला, तरी त्याला अधिकृतपणे पुढचा रस्ता बंद आहे. यंत्रमाग कारखान्याची कचेरी, लग्नपत्रिका छापणारे दुकान, कर सल्लागाराचे कार्यालय, पतसंस्थेची शाखा अशा ठिकाणी दर तीन वर्षांनी संगणक बदलण्याची रीत नाही. चालतो तोवर चालवायचा, हा येथला शिरस्ता. त्यात कंजुषी नाही, हिशेब आहे.

मग आहे तेथेच राहिले तर? तशी सोय काही काळापुरती करण्यात आली. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि संस्थांसाठी, दरवर्षी वाढत जाणारे शुल्क भरून, जास्तीत जास्त ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे कंपनीने जाहीर केले. त्यापलीकडे मात्र प्रणालीत सापडणारे प्रत्येक नवे भगदाड उघडेच राहणार. हा धोका कागदी नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याने वापरलेल्या त्रुटीवरची दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झालेली होती. फटका प्रामुख्याने बसला तो ती न घेणाऱ्यांना. पाठोपाठ जून २०१७ मध्ये 'पेट्या'च्या हल्ल्यात न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. ते बंदर सोलापूरच्या टॉवेल निर्यातदारांना अपरिचित नाही. जेथे माल, हिशेब आणि बँकेचे व्यवहार एकाच संगणकावर चालतात, तेथे दुरुस्ती नसलेली प्रणाली चालवणे म्हणजे दुकानाला कुलूप न लावता घरी जाणे.

उरतो तिसरा पर्याय. यंत्र तेच ठेवायचे आणि प्रणाली बदलायची. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स ही मुक्त प्रणाली आज अनेक रूपांत विनामूल्य मिळते. त्यांतील कित्येक रूपे जुन्या संगणकांवर सुखाने चालतात आणि त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्याही नियमित मिळतात. जुने यंत्र भंगारात जाण्याचे वाचते, हा आणखी एक लाभ. तरीही सल्ला मिळाल्यावर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो असा : "त्यावर माझे कोरल चालेल का? टॅली चालेल का?" त्याला प्रणालीचे काही देणेघेणे नसते. त्याला सवयीचा प्रोग्राम हवा असतो, आणि खरे घोडे येथेच पेंड खाते.

प्रोग्राम प्रणालीशी बांधलेला का असतो?

वरवर पाहता हे बंधन चमत्कारिक वाटते. संगणकाचा प्रोसेसर तोच, स्मृती तीच, पडदाही तोच. मग विंडोजवर चालणारा प्रोग्राम लिनक्सवर का अडावा? कारण असे की, कोणताही प्रोग्राम सारी कामे स्वतः करत नाही. खिडकी उघडून दे, फाइल जपून ठेव, हे पान प्रिंटरकडे धाड, अशा मागण्या तो घडोघडी प्रणालीकडे करत असतो. आकडेमोड त्याची स्वतःची असली, तरी बाहेरच्या जगाशी त्याचा सारा व्यवहार प्रणालीमार्फत चालतो. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम या मागण्या विंडोजच्या ठरावीक शब्दांत करतो. लिनक्सला ते शब्द ठाऊक नसतात. त्यामुळे समोर सक्षम यंत्र असूनही संवाद खुंटतो.

हा संवाद जोडून देणारा दुभाषी म्हणजे 'वाइन'. सोलापूर हा द्राक्षांचा जिल्हा असला, तरी या वाइनचा द्राक्षांशी संबंध नाही. 'वाइन म्हणजे अनुकरणयंत्र नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातील आद्याक्षरांवरून हे नाव तयार झाले. विंडोज ३.१ चे प्रोग्राम लिनक्सवर चालावेत, या हेतूने १९९३ साली हे काम सुरू झाले. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याचे नेतृत्व करत आले आहेत. विंडोजमधील जी अंगभूत साधने प्रोग्रामच्या मागण्या पुऱ्या करतात, त्यांची तशीच चालणारी प्रतिरूपे जगभरच्या स्वयंसेवकांनी आणि काही कंपन्यांच्या अभियंत्यांनी नव्याने लिहून काढली. विंडोजचा आतला मजकूर त्यांना उपलब्ध नव्हता. बाहेरून दिसणाऱ्या वर्तनावरून आतली रचना ताडायची, असे हे काम. म्हणूनच १.० ही आवृत्ती बाहेर पडण्यास पंधरा वर्षे लागली. ती जून २००८ मध्ये आली.

वाइनचे वैशिष्ट्य असे, की ते संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करत नाही. प्रोग्रामच्या मूळ सूचना प्रोसेसर थेट वाचतो, केवळ मागण्यांचे भाषांतर होते. त्यामुळे वेग फारसा घटत नाही आणि विंडोजचा परवानाही लागत नाही. 'सी ड्राइव्ह' म्हणून प्रोग्रामला दाखवले जाते ते लिनक्समधील एक साधे फोल्डर असते. प्रोग्रामला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत. अर्थात, वाइन विनामूल्य आहे म्हणून त्यावर चालणारे सॉफ्टवेअर विनामूल्य होत नाही. कोरलचा परवाना विंडोजवर जितका आवश्यक, तितकाच येथेही आवश्यक.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. विंडोज सोडली की जुने सॉफ्टवेअर सुटते आणि विंडोजमध्येच पुढे गेले की ते टिकते, हा समज अर्धाच खरा आहे. डॉसच्या आणि विंडोज ३.१ च्या काळातील सोळा-बिटी प्रोग्राम चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाहीत. 'विंडोज १०' ची बत्तीस-बिटी आवृत्ती मिळत होती, म्हणून काहींचे भागत होते. 'विंडोज ११' मध्ये ती आवृत्तीच नाही. उलट लिनक्सवरील वाइन असे कित्येक सोळा-बिटी प्रोग्राम आजही चालवते, आणि डॉसमधील फॉक्सप्रोवर बांधलेला एखादा जुना हिशेब 'डॉसबॉक्स'सारख्या साधनात उघडून पाहता येतो. म्हणजे जुन्या कामाशी इमान कधीकधी परकी प्रणाली अधिक राखते.

कोरलची कथा आणि खेळांचा धडा

सोलापुरातच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही गावातील छपाईच्या दुकानात 'कोरल' हा शब्द क्रियापदासारखा वापरला जातो. 'कोरल करून दे' म्हणजे मजकूर मांडून दे. हा प्रोग्राम एके काळी अधिकृतपणे लिनक्ससाठी उपलब्ध होता, हे आज फारच थोड्यांना आठवत असेल. कॅनडातील कोरल कंपनीने १९९९ साली स्वतःचे लिनक्स बाजारात आणले आणि २००० साली 'कोरलड्रॉ ९' ची लिनक्स आवृत्ती काढली. ती नव्याने लिहिलेली नव्हती. वाइनच्याच आधारावर ती उभी होती आणि त्यासाठी कोरलने वाइनच्या विकासाला हातभारही लावला होता. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तीत साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले आणि २००१ साली कोरलने आपले लिनक्सचे काम दुसऱ्या कंपनीला विकून टाकले. ग्राहकाला मात्र त्या निर्णयात विचारलेही गेले नाही.

याच्या उलट घडले ते संगणकावरील खेळांच्या बाबतीत. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने वाइनच्या पायावर 'प्रोटॉन' हे साधन उभारून ते २०१८ साली खुले केले आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे यंत्र विक्रीस आणले. विंडोजसाठी बनलेले हजारो खेळ आज त्यामुळे लिनक्सवर चालतात. कालपर्यंत खेळांसाठीच विंडोज हवी, असे म्हणणाऱ्या तरुणांना आज पर्याय मिळाला आहे, परंतु त्यांच्या वडिलांच्या कचेरीतील हिशेबाला तो तितक्या सहजतेने मिळालेला नाही.

या दोन घटनांचा अर्थ स्पष्ट आहे. एखादा प्रोग्राम परक्या प्रणालीवर चालतो की नाही, हा केवळ तंत्राचा प्रश्न नसतो. त्यामागे कोणी पैसा आणि श्रम लावले, यावर बरेच ठरते. खेळांना धनवान वाली भेटला. जकार्डच्या नक्षीला, मराठी टंकांना आणि पतसंस्थेच्या खतावणीला तसा वाली भेटलेला नाही.

अडते कोठे?

वाइनच्या मर्यादा नीट समजून घेतल्याशिवाय प्रणाली बदलणे हा आतताईपणा ठरेल. पहिली मर्यादा कुलपाची. महागडे सॉफ्टवेअर विकताना त्यासोबत 'डोंगल' किंवा 'लॉक' नावाचे छोटे उपकरण देण्याची पद्धत आहे. ते संगणकाला जोडलेले असेल तरच प्रोग्राम उघडतो. कापडावरील नक्षी बनवण्याच्या आणि फ्लेक्स छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार विशेष आढळतो. या उपकरणाशी बोलणारा भाग, ज्याला 'ड्रायव्हर' म्हणतात, तो प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसतो. वाइनला विंडोजचा हा गाभा नाही. त्यामुळे प्रोग्राम चालण्याजोगा असूनही किल्ली न लागल्याने दार उघडत नाही, असे घडते. इंटरनेटवरून परवान्याची पडताळणी करणाऱ्या नव्या आवृत्त्याही अनेकदा याच उंबरठ्यावर थबकतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जुन्या आवृत्त्या वाइनवर बऱ्यापैकी चालतात, अलीकडच्या मात्र त्रास देतात.

दुसरी मर्यादा खास आपली, मराठीची. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा साधनांवर मराठी मजकूर तयार होत असे. त्या काळातील बहुतेक टंकांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली होती. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच, इंग्रजी चिन्हांची ती निरर्थक माळ होती. टंकाची फाइल लिनक्समध्ये नेली तर जुना मजकूर बहुधा दिसतो. टंकलेखनाचे मात्र तसे नाही. कळफलकाचे संदेश मधल्यामध्ये अडवून त्यांची अक्षरे बदलणारा एक वेगळा प्रोग्राम त्यासाठी लागतो, आणि वाइनमध्ये डांबलेला असा प्रोग्राम लिनक्सच्या मूळ सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे जुनी पत्रिका वाचता येईल, पण तिच्यातील नवऱ्यामुलाचे नाव बदलता येणार नाही! उलट नव्याने युनिकोडमध्ये लिहायचे असेल, तर इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये विनासायास मिळतो आणि मराठी संगणकप्रेमींना परिचित असलेली 'गमभन'ची पद्धतही त्यात जोडता येते. भाषा अडत नाही, अडते ती जुन्या पद्धतीने कोंडलेली भाषा.

तिसरी मर्यादा हिशेब आणि शासन यांच्या वाटेवरची. टॅली हा आपल्या व्यापाऱ्यांचा श्वासोच्छ्वास, आणि तो बनतो विंडोजसाठी. वाइनवर त्याच्या काही आवृत्त्या चालवणारे उत्साही लोक आहेत, परंतु अशा वापराची हमी कंपनी देत नाही. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्याच्या तारखेला प्रोग्राम रुसला, तर दाद कोणाकडे मागायची? प्राप्तिकर खात्याच्या एक्सेलमधील साधनांत मायक्रोसॉफ्ट एक्सेलसाठी लिहिलेले 'मॅक्रो' असतात. लिब्रेऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ते भरवशाने चालत नाहीत. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण २०१५ मध्ये स्वीकारले. संरक्षण मंत्रालयाने स्वतःच्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली 'माया' ही प्रणाली निवडल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. सरकार स्वतःसाठी जो मार्ग निवडते, तो करदात्यालाही खुला असावा, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.

जकार्डच्या कार्डाचा धडा

या साऱ्या गुंत्याकडे पाहण्याची एक दृष्टी सोलापूरला घरातच उपलब्ध आहे. भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर उमटते, ते यंत्र लिऑनच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८०४ च्या सुमारास, सिद्ध केले. त्याचे तत्त्व सोपे. पुठ्ठ्याच्या कार्डावर जेथे भोक, तेथे हुक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. जेथे भोक नाही, तेथे धागा खालीच राहतो. अशी शेकडो कार्डे ओळीने ओवली की मोर, फुले, वेलबुट्ट्या कापडावर उतरतात. संगणकाच्या इतिहासात या कार्डांना पूर्वजांचा मान दिला जातो, तो यामुळेच. यंत्र आणि त्याला दिलेल्या सूचना या दोन गोष्टी येथे प्रथमच ठळकपणे वेगळ्या झाल्या.

मात्र एका जकार्डची कार्डे दुसऱ्यावर सरसकट चालत नाहीत. हुकांची संख्या वेगळी असते, भोकांमधील अंतर वेगळे असते. जाड पुठ्ठ्याची ओवलेली कार्डे आणि बारीक भोकांचा अखंड कागद वापरणारे व्हर्डोल पद्धतीचे यंत्र यांचे जमत नाही. मग यंत्र बदलले की नक्षी बुडते का? नाही. कारण कार्ड डोळ्यांना दिसते, बोटांना जाणवते. जाणकार कारागीर ते पाहून नक्षी पुन्हा आलेखावर उतरवतो आणि नव्या यंत्राच्या मापाने कार्डे पुन्हा पाडतो. कष्ट पडतात, पण त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. नक्षी ज्याची, त्याच्याच हाती राहते.

इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले आणि कार्डाची जागा फाइलने घेतली. काम झटपट झाले, चुका घटल्या, साठवण सोपी झाली. परंतु वेगवेगळ्या नियंत्रकांच्या फाइली वेगवेगळ्या, सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल निराळी, आणि ती उघडणारा प्रोग्राम एका कुलपाने एका संगणकाला आणि एका प्रणालीला जखडलेला. भोके आता दिसत नाहीत. वीस वर्षांची नक्षी ज्याच्या संगणकात आहे, तो कारखानदार तिचा मालक आहे खरा, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. माझा प्रोग्राम नव्या प्रणालीवर चालेल का, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. माझे काम त्या प्रोग्रामविना उघडेल का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर 'होय' असेल तर प्रणाली कोणतीही निवडा. 'नाही' असेल तर विंडोजमध्ये राहूनही सुटका नाही, कारण विक्रेत्याने दुकान गुंडाळले की तेथेही तेच घडणार. पेजमेकर हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि २००४ मध्ये अ‍ॅडोबीने त्याचा विकास थांबवला. त्यात अडकलेल्या मजकुराचे ओझे अनेक छपाईवाले अद्याप वाहत आहेत.

इतरांचा अनुभव

प्रणाली बदलण्याचे मोठे प्रयोग जगात झाले आहेत. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. पत्रांचे नमुने आणि त्यांतील मॅक्रो ही तेथली मोठी डोकेदुखी होती. त्यासाठी पालिकेला 'वोलमुक्स' नावाचे स्वतंत्र साधन लिहावे लागले. काही खास प्रोग्रामांसाठी विंडोज शेवटपर्यंत बाळगावी लागली. अखेर २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा ठराव झाला. त्यात राजकारण होते, तसे कर्मचाऱ्यांच्या तक्रारींचे कारणही होते. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणकांसाठी जाहीर केलेल्या योजनेत क्रम जाणीवपूर्वक वेगळा ठेवला. आधी लिब्रेऑफिस आणि खुल्या स्वरूपातील फाइली, ईमेलची व्यवस्था, आणि त्यानंतर प्रणाली. आधी सामान सोडवून घ्यायचे, मग घर बदलायचे, असा हा शहाणपणा.

आपल्या देशात केरळचे उदाहरण बोलके आहे. तेथील शाळांमध्ये संगणकाचे शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर दिले जाते. मुले पहिल्यापासून लिनक्सवरच शिकतात, त्यामुळे विंडोजचा प्रोग्राम येथे कसा चालवू, हा प्रश्न त्यांना पडत नाही. महाराष्ट्रात २००१ पासून सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकसाक्षर केले, हे त्याचे श्रेय निर्विवाद. परंतु सामान्य विद्यार्थ्याच्या मनात संगणक म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे वर्ड हे समीकरणही याच काळात पक्के झाले. सवय हेही एक सॉफ्टवेअरच असते, आणि त्याला अद्याप कोणी वाइन शोधून काढलेले नाही.

करायचे काय?

येथे एकच औषध सर्वांना लागू पडणार नाही. घरगुती वापर, शिक्षण, पत्रव्यवहार, बँकेची आणि शासनाची संकेतस्थळे एवढ्यापुरता ज्यांचा संगणक आहे, त्यांनी लिनक्सकडे जाण्यास फारशी अडचण नाही. त्यांचे बहुतेक काम ब्राउझरमध्ये होते आणि ब्राउझर दोन्हीकडे सारखेच. लेखन आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस पुरेसे आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, संगणकात काहीही न बदलता, आठवडाभर चाचणी घेण्याची सोयही असते. ती घ्यावी आणि मगच निर्णय करावा. प्रिंटर आणि स्कॅनर चालतो की नाही, हे त्यात आधी पाहावे.

छपाईच्या व्यवसायाने मिश्र मार्ग स्वीकारावा. नव्या कामासाठी इंकस्केप, स्क्रायबस आणि गिंप ही मुक्त साधने शिकता येतील. कोरलच्या आणि पेजमेकरच्या जुन्या फाइली लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये काही प्रमाणात उघडतात. कोरलसाठी ही सोय २०१२ पासून आणि पेजमेकरसाठी २०१५ पासून आहे. मांडणी थोडी विस्कटते, परंतु मजकूर आणि आकृत्या हाती लागतात. जुन्या मराठी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हे तर प्रणाली बदला अथवा न बदला, केलेच पाहिजे असे काम आहे.

जकार्डच्या नक्षीसाठी आणि कुलूपबंद सॉफ्टवेअरसाठी वाइनवर विसंबू नये. तेथे दोन उपाय संभवतात. जुना विंडोज संगणक इंटरनेटपासून पूर्णपणे तोडून केवळ त्या कामासाठी ठेवायचा आणि फाइली तपासलेल्या पेनड्राइव्हने न्यायच्या, हा पहिला. लिनक्सच्या आत 'व्हर्च्युअलबॉक्स'सारख्या साधनाने आभासी संगणक उभारून त्यात परवान्यासह विंडोज चालवायची, हा दुसरा. यूएसबीवरचे कुलूप या आभासी संगणकाला सोपवता येते, मात्र त्यासाठी यंत्राची स्मृती भरपूर हवी. दोन्ही उपाय आजचे काम भागवण्याचे आहेत. खरा इलाज म्हणजे प्रत्येक नक्षीची एक प्रत बीएमपी किंवा टिफ अशा कोठेही उघडणाऱ्या स्वरूपात काढून ठेवणे. पूर्वी कार्डांचे गठ्ठे जपले जात, तशाच या प्रती जपायला हव्यात.

हिशेबाच्या बाबतीत घाई नको. कर भरण्याच्या कामासाठी पाठिंबा असलेली विंडोज चालवणारा एक संगणक ठेवावा आणि उरलेले लिनक्सवर न्यावेत, हे मध्यम आकाराच्या कचेरीला परवडणारे गणित आहे. टॅलीतील नोंदी एक्सएमएल किंवा एक्सेलच्या स्वरूपात वर्षाअखेरीस बाहेर काढून ठेवाव्यात. ज्यांना पूर्णपणे स्वतंत्र व्हायचे आहे, त्यांच्यासाठी मुंबईत विकसित झालेले 'ईआरपीनेक्स्ट'सारखे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते ब्राउझरमधून वापरले जाते, त्यामुळे समोरच्या संगणकाची प्रणाली कोणती, याला महत्त्वच उरत नाही.

याखेरीज एक काम एकट्यादुकट्याने होण्याजोगे नाही. नक्षीच्या सॉफ्टवेअरचा विक्रेता एका कारखानदाराचे ऐकणार नाही, परंतु शंभर कारखानदारांनी मिळून विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागेल. नवे सॉफ्टवेअर घेताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात. फाइल खुल्या स्वरूपात बाहेर काढता येते का? विंडोजची पुढची आवृत्ती आली तर कुलूप चालू राहील का? आणि कंपनी बंद पडल्यास कुलूप काढून देण्याची हमी आहे का? यंत्रमागधारकांच्या आणि मुद्रकांच्या संघटनांनी ही मागणी सामुदायिकरीत्या केली, तर तिचे वजन वेगळे असेल. शहरात विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. कोणता प्रोग्राम वाइनवर कितपत चालतो, याची चाचणी घेऊन मराठीत यादी करणे आणि जुने मराठी टंक युनिकोडमध्ये आणून देणे हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला साजेसे काम आहे. त्याचा उपयोग थेट गल्लीतल्या दुकानाला होईल.

विंडोज राहील की लिनक्स येईल, हा वाद सोलापूरच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा नाही. प्रणाली येतील आणि जातील. दहा वर्षांनी 'विंडोज ११' लाही असाच निरोप द्यावा लागेल. त्या वेळी पुन्हा हीच धावपळ करायची नसेल, तर आजच्या सक्तीच्या बदलाचा उपयोग करून नक्षी, मजकूर आणि हिशेब एका कंपनीच्या कुलपातून बाहेर काढून ठेवला पाहिजे. वाइनसारखा दुभाषी हा वाटेतला सोबती आहे आणि त्याची मदत जरूर घ्यावी. मात्र आपले काम आपल्याला दुभाष्याविना वाचता आले पाहिजे, ही तजवीज ज्याची त्यानेच करायची आहे.